अळणी उपास

शेवंते, गावातली माणसं म्हणतात तू देवी झालीस. मी म्हणतो तू मेलीस. मेल्या माणसाला मेलं म्हणायला कुणाची परवानगी लागते काय? पण आता लागते. तुझं तेरावं झालं आणि तेव्हापासून मी 'मेली' असं म्हटलं की समोरचा कानाला हात लावतो. "असं नको बोलू तात्या, देवीने उचलून नेली." उचलून नेली म्हणे. तू काय कोंबडी होतीस?

तुला माझं बोलणं कधी आवडलं नाही. "तुमचं तोंड नाय, टिकाव हाय," म्हणायचीस. खरंच होतं. सगळी हयात चिरेखाणीत गेली. जांभा दगड गोड बोलून निघत नाही. चौथीच्या पुढे शाळा नाही, त्यामुळे जे लिहितो ते असंच निघणार. पण आज तुझ्याशी भांडायला बसलोय, आणि तू मधेच उठून चुलीकडे जाणार नाहीस, एवढाच माझा फायदा.

सुरेश झाला तेव्हा तुझं पहिल्यांदा सुरू झालं. बाळंतिणीने पडून राहायचं, तर तू विहिरीवर. कळशा भरल्यास, हंडे भरलेस, पातेली भरलीस, मग भाताच्या कणगीत पाणी ओतायला लागलीस. झोप नाही. बोलणं थांबत नाही. मी कणगीपुढे आडवा झालो तर मुसळ घेऊन माझ्यामागे. माझा टिकाव, पहार, सगळी हत्यारं विहिरीत. मी तुला मारलं, तू मला मारलंस. मारामारी बरोबरीची झाली, हे तूच नंतर हसत सांगायचीस पोराला. माझ्या अंगठ्याचं नख तू चावून काढलंस ते परत नीट आलंच नाही.

मग तुझा भाऊ आला आणि त्याने तुला काथ्याने ओटीवरच्या खांबाला बांधलं. गाव बघायला आलं. पोरं अंगणाच्या दगडी गडग्यावर चढून बसली. तू बांधलेली असताना भावकीतल्या कुणाची तरी गाय हरवल्याची बोलणी चालली होती, आणि तू ओरडलीस, "ओढ्यात हाय, ओढ्यात!" गाय ओढ्यात सापडली. दुसरीकडे कुठे जाणार होती ती? त्या महिन्यात पाणी तेवढ्याच ठिकाणी होतं. पण गावाला एवढं पुरलं. संध्याकाळच्या आत दोर सुटला. जिला बांधून घातली होती तिला पाटावर बसवली. कपाळभर कुंकू. नारळ, उदबत्त्या, खणांची रास. शेवंतीची शेवंताई झाली.

एक खरं सांगतो, त्या दिवसांत आपल्या घरात नारळ विकत आणावा लागला नाही. पण तुझी हाडं वर आली होती शेवंते. तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस, पोराला छातीशी घेत नव्हतीस. पोर रडून निळं पडायचं. आणि बाया तुझ्या पाया पडून विचारत होत्या, मुंबईतल्या नवऱ्याची नोकरी टिकेल काय, पोरीचं लग्न जमेल काय. एका बाईने तरी विचारलं काय, की आई, तू जेवलीस काय?

मी तुला रत्नांग्रीला नेली, वेड्यांच्या इस्पितळात. आपल्याकडे हे नाव घेऊन माणसं एकमेकाला चिडवतात, 'रत्नांग्रीला न्यायला हवा याला.' मी खरंच नेली. एसटीत तू कंडक्टरचे बापजादे उद्धरलेस. माणसं म्हणाली, उतरवा हिला. कंडक्टर बिचारा भला होता. म्हणाला, "काका, दोन माणसांचं तिकीट काढा. शिव्यांना तिकीट नाय लागत." पूर्ण गाडी हसली. तू पण हसलीस. तेवढ्यात आपण पोचलो.

तिथे डॉक्टरीणबाईने तुझ्याशी आधी गप्पा मारल्या, मग माझ्याशी. म्हणाली, हा आजार आहे. मन कधी उसळतं, कधी बुडतं. उसळतं तेव्हा माणसाला वाटतं सगळं आपल्याच हातात आहे, आणि बुडतं तेव्हा ताट उचलायची ताकद राहत नाही. हिने काही पाप केलेलं नाही, तुम्ही पण नाही. आणि मग ती गोळी दिली. त्या गोळीबद्दल जे सांगितलं ते मला आज पण शब्दाला शब्द आठवतं. ही गोळी म्हणजे एक तऱ्हेचं मीठच आहे, म्हणाली. अंगात आपलं रोजचं मीठ आणि पाणी कमी पडलं की अंग ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. मग तिचं विष होतं. तर मीठ तोडायचं नाही, पाणी तोडायचं नाही, आणि अधूनमधून रक्त तपासायचं. मी अडाणी, पण मला समजलं. तुला पण समजलं. तू म्हणालीस, "म्हंजे पेजेत मीठ घालायला विसरायचं नाय." बाई म्हणाली, अगदी बरोबर.

तू बरी झालीस, आणि गाव माझ्यावर उलटलं. "देवीला गोळ्या घालून मारलीस तू." पाणवठ्यावर माझ्याकडे बघून थुंकायचे. पारवती, आपली गडग्यापलीकडची, ती तर ओटीवर येऊन मला म्हणाली होती, "तात्या, घरात आलेली लक्ष्मी लाथेनं घालवलीस." मी म्हटलं, तुझ्या घरात ने मग, मी दोर आणून देतो बांधायला. त्यावर तू आतून मला हाक मारून गप्प केलंस.

तुझं आणि माझं भांडण तिथूनच सुरू झालं, आणि ते मिटलं नाही. तू म्हणायचीस, "आजारी व्हते तर पाया पडत व्हत्या. बरी झाले तर हळदीकुंकवाला बोलवत नायत." मी म्हणायचो, नाही बोलावलं तर नाही. घरात कुंकू नाही काय? "तुमाला नाय कळायचं," म्हणून तू चुलीकडे. मग गोळ्या थुंकायला लागलीस. तुळशीत, राखेत, कोंबड्यांच्या खुराड्यात. मी जबडा धरून गोळी घालायचो आणि तू हात फोडायचीस. चार दिवस घर म्हणजे आखाडा. मग परत पाणी भरायला सुरुवात व्हायची, परत बाया जमायच्या, परत मी रत्नांग्रीची गाडी धरायचो. माझं चुकलं असं मी आज पण म्हणणार नाही. जबडा धरला नसता तर तू सुरेशचं लग्न बघितलं नसतंस.

पुढे वयाबरोबर तुझं तूच घ्यायला लागलीस. तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी मनाचा डॉक्टर यायला लागला तेव्हा आपल्याला रत्नांग्रीचा हेलपाटा वाचला. पण कधी डॉक्टर असायचा, कधी जागा रिकामी. कधी गोळ्या संपलेल्या. मी आपल्या पुढाऱ्याकडे गेलो होतो, आठवतंय? म्हटलं, साहेब, आठवड्यातून दोन वार तरी डॉक्टर द्या, रांग रस्त्यापर्यंत येते. तो चहा पीत होता. म्हणाला, "तात्या, वेड्यांची मतं किती असतात?" आणि भोवतीचे सगळे हसले. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "त्याला सांगायचंत, माझं एक हाय, आणि गेल्या वेळी मी ते त्यालाच दिलं." आणि मग तुला एवढं हसू आलं की भाकरी करपली.

माणसं विचारतात बरी असताना तुझी बायको कशी होती. अशी होती. खाणीत दरड सुटून माझा पाय मोडला, आणि मुकादम म्हणाला दारू पिऊन आला असेल. मी दारूला शिवत नाही, हे त्याला पण माहीत होतं. तू खाणीवर गेलीस आणि सगळ्या माणसांसमोर मुकादमाला चपलेने हाणलंस. तो पळाला तर त्याच्या मागे ट्रकपर्यंत. पुढच्या मंगळवारी मी घाबरून डॉक्टरला विचारलं, गोळी कमी पडतेय काय? डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं, आणि तुला विचारलं, झोप लागते? लागते. जेवता? जेवते. मग मला म्हणाला, "काका, हा राग निरोगी आहे. याला गोळी नाही." बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "ऐकलंत? आता जपून राहा."

शेवंते, तो मुकादम परत समोर आला तरी मी त्याला माफ करून हात जोडीन. ज्यांना हात जोडायचे नाहीत त्यांचं आता सांगतो.

नवरात्राच्या आधी पारवती आपल्या गडग्यापाशी तासन्‌तास उभी राहायला लागली. मला वाटलं शेजारपण सुधारलं. तुला कोणी बोलावत नव्हतं, आता कोणी येतंय, तर येऊ दे. ती तुझ्या कानात काय ओतत होती ते मला नंतर समजलं. देवी रुसलीय, गावात पोरं टिकत नाहीत, मुंबईच्या नोकऱ्या जातायत. तू नऊ दिवस अळणी धर. दिवसभर पाणी नाही, संध्याकाळी दिवा लागल्यावर अळणी रताळं. देवी परत येईल. आणि आली तर पहिला मान तुझा, सगळ्या गावच्या बायांत तू पुढे बसशील.

घट बसले त्या सकाळी तू म्हणालीस, "मी उपास धरणार हाय."

"डॉक्टरने काय सांगितलंय?"

"गोळी घेत्ये की."

"आणि पाणी?"

"पित्ये की वो. तुमी काय माझ्यामागं तांब्या घेऊन फिरणार?"

मी फिरायला हवं होतं असं सुरेश म्हणतो. म्हणू दे. तू माझ्यासमोर गोळी घ्यायचीस, जीभ बाहेर काढून दाखवायचीस, पोरीसारखी. जन्मभर मी गोळीवरच पहारा दिला. मिठावर पहारा द्यायचा असतो हे कुठल्या नवऱ्याला सुचतं?

आणि भात कापायला आलं होतं. त्या दिवसांतलं ऊन तुला माहीत आहे, कातळावरून परत फेकल्यासारखं तोंडावर येतं. तू विळा घेऊन माझ्या बरोबरीने मळ्यात वाकलेलीस. घामाने पोलकं भिजून वाळायचं आणि त्यावर पांढरे डाग उमटायचे. ते मीठ होतं शेवंते. तुझ्या अंगातलं शेवटचं मीठ मी डोळ्यांनी बघत होतो आणि म्हणत होतो, आज लवकर आटपू.

मग तुझा हात थरथरायला लागला. चहाची बशी सांडली. तू म्हणालीस कापून कापून दुखतोय. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी ओकताना दिसलीस. चालताना भिंत धरलीस. अष्टमीची सकाळ. मी सुरेशला फोन केला, तो मिरजोळ्याला कारखान्यात पहिल्या पाळीला निघत होता. म्हटलं, पाळी गेली खड्ड्यात, रिक्षा घेऊन ये, आईला न्यायचंय. तुला ओटीवर बसवलं, सांगितलं हलू नको, आणि मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, कारण रिक्षावाल्याला वळण सापडत नाही. सुरेश आणि रिक्षा घेऊन परत आलो तर ओटी रिकामी, आणि देवळातून ढोल.

पुढचं मला सांगताना पण हाताच्या मुठी वळतात.

तू सभामंडपात मधोमध बसलेलीस. बसलेली कसली, दोघींनी धरून ठेवलेली. सगळं अंग उडत होतं. डोळे वर. जीभ जड, तोंडातून फेस आणि नुसतं आं आं. केस सोडलेले, कपाळ कुंकवाने लाल, कुंकू घामाबरोबर डोळ्यांत उतरलेलं आणि ते पुसायचं कुणाला सुचलेलं नाही. पारवती तुझे खांदे गदागदा हलवत ओरडत होती, "बोल आई बोल! इतकी वर्सं रुसलीस, आता बोल!" ढोलकरी घामाघूम. बायांची रांग. रांग, शेवंते. तू मरत होतीस आणि तुझ्यासमोर रांग लागली होती.

मी ओरडलो, "सरा, आजारी हाय ती! गोळीचा इखार चढलाय तिला!"

मानकरी म्हणाला, "तात्या, गप. देवी खेळत्येय. विटाळ करू नको."

"देवी नाय, माझी बायको हाय ती!"

"आता नाय ती तुझी."

चार जणांनी मला धरला. ज्या दंडांना मी खाणीत चिरे उचलायला शिकवलं त्याच दंडांनी. माझ्या हाताला देवीपुढचा नारळ लागला. मी तो मानकऱ्याच्या कपाळावर फोडला. रक्त आलं, त्याचं पण आणि माझ्या हाताचं पण. बाया किंचाळल्या. मला खाली पाडून लाथा घातल्या, बरगडी अजून श्वास घेताना बोलते. तेवढ्यात सुरेश घुसला. त्याने कुणाशी वाद घातला नाही. त्याने सरळ तुला उचलली, लहानपणी तू त्याला उचलायचीस तशी, आणि चालायला लागला. पारवती रिक्षापुढे आडवी झाली. "भरल्या देवीला नेताय, गावाचं वाटोळं होईल!" मी तिला दंडाला धरून गटारात ढकलली. देवाशपथ सांगतो, परत तसंच करीन.

दवाखान्यात रक्त घेतलं. डॉक्टरने विचारलं, "गोळी किती दिवस बंद होती?" मी म्हटलं, एक दिवस पण नाही. माझ्या डोळ्यांसमोर घेत होती. त्याने तुझ्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. मग म्हणाला, "उपास होता?" सुरेशने मान हलवली. डॉक्टरने कपाळावर हात मारला नाही की आरडाओरडा केला नाही. रक्त धुवायच्या मशीनला तुला लावली. त्यांनी हात टेकले नाहीत, हे मी सांगणार, कारण गाव सांगतंय की दवाखान्याने मारली. मूत्रपिंडं आधीच बसली होती. दसऱ्याला, खाली रस्त्यावर माणसं एकमेकाला आपट्याची पानं देत होती, तेव्हा तू गेलीस.

आणि आता मला माझं भांडण करू दे.

तू गोळी माझ्यासाठी घेतलीस. उपास त्यांच्यासाठी धरलास. दोघांचा मान राखलास आणि दोघांच्या मधे चिरडलीस. शेवंते, एकाला तरी फसवायचं होतंस! जन्मभर राखेत गोळ्या थुंकलीस, मला चुकवलंस, देवाला चुकवलंस, मग याच नऊ दिवसांत तुला खरं वागायची हुक्की कुठून आली? एक गोळी खुराड्यात फेकली असतीस तर नुसती बडबडत पाणी भरत बसली असतीस. मी नेली असती रत्नांग्रीला. गाडीतल्या कुणाला तरी शिव्या दिल्या असत्यास. गुपचूप चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं असतंस तरी आज हे लिहायची पाळी आली नसती. मला राग येतो तुझा. जळतो मी. सरणावर तुला ठेवली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मला तुला हलवून उठवून एक मुस्काटात द्यायची होती.

मग एकटा बसलो की वेगळं सुचतं. तुला देवी नको होती. तुला कळत होतं तो आजार आहे, माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आतून बघितलेला होतास तू. तुला अंगणात बाया हव्या होत्या. कुणीतरी येऊन 'काय करतीस गो' विचारायला हवं होतं. ते तुला बरं असताना मिळालं नाही, आणि मी म्हणत राहिलो, घरात कुंकू नाही काय? तो टिकाव कुठे लागत होता ते मला दिसत नव्हतं. एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. याच्यापुढे माझ्याकडून काढू नकोस.

दिवाळी संपली आणि देवळाच्या बाजूला चौथरा उठला. चांगले घडलेले चिरे. वर एक शेंदूर लावलेला पाषाण, आणि पाटी, 'श्री शेवंताई देवी'. मला विचारायला कोणी आलं नाही. भूमिपूजन का काय ते, त्याला पुढारी आला. तोच, मतं मोजणारा. मंगळवारचा डॉक्टर त्याला वर्षानुवर्षं जमला नाही, तुझा दगड महिन्यात बसला. भोंग्यावर सांगत होता, या मातेने देह ठेवला, हे स्थान जागृत आहे, इथे रस्ता करू, सभागृह करू, लांबून भाविक येतील. गणपतीपुळ्याला येणारी माणसं वाट वाकडी करून इकडे येतील. टाळ्या पडल्या.

मी घरी गेलो आणि घण घेऊन आलो.

कुणाला वाटलं पूजेचं काही काम असेल. मी पाषाणाला हात लावला नाही आधी. चौथऱ्याच्या कोपऱ्यातल्या चिऱ्यावर पहिला घाव घातला, तो निखळला की वरचं आपोआप येतं. दुसरा घाव. तिसऱ्याला दगड कलंडला आणि पुढाऱ्याच्या पायाशी गडगडला. तो उडी मारून मागे झाला तेव्हा तू असायला हवी होतीस. मग मी पाटी फोडली. फोडतच राहिलो. वय झालंय, दम लागत होता, पण हात थांबेना. भोंग्याचा माईक खाली पडला होता तो उचलला.

म्हटलं, "ही शेवंती. माझी बायको. हिला मनाचा आजार व्हता. चाळीस वर्सं गोळी खाऊन तिने संसार केलान, पोर वाढवलंन, शेती केलीन. ते तुमाला दिसलं नाय. ती इखाराने थरथरत व्हती तर तुमी तिला नारळ दिलात. पाणी दिलं असतं तर वाचली असती. तुमी मारलीत तिला, आणि आता वर दगड ठेवताय!"

त्यावर जो मार पडला त्याचं काय सांगू. ओठ फुटला, दोन दात गेले. पुढारी गाडीत बसून निघून पण गेला. कुणीतरी ओरडलं, "म्हातारा वेडा झाला, याला पण रत्नांग्रीला न्या!" मी रक्त थुंकून म्हटलं, "न्या. मला रस्ता माहीत हाय, तुमालाच दाखवीन." सुरेशला हसू पण आलं आणि रडू पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर ओठाला हळद लावून बसलो होतो. पारवती अंगणात आली. मी तांब्या उचलला फेकून मारायला. ती हलली नाही.

"मार," म्हणाली. "मग बोल्ते."

"तुझ्याशी बोलायला माझं तोंड शाबूत ठेवलंय काय तुझ्या पोरांनी?"

"तात्या, आमची नंदा म्हायेराला आणून सोडलीय. सासरच्यांनी. झोपत नाय. दिवसभर कपडे धुते, धुतलेले परत धुते. काल बाया आल्या विचारायला, नंदाताईला वारं आलंय काय." तिचा पदर तोंडात गेला. "त्यांच्या हातात नारळ व्हते. मी दार लावून घेतलं."

मी तांब्या खाली ठेवला नाही. पण फेकला पण नाही.

ती म्हणाली, "शेवंतीला... शेवंतीला पण अशीच सुरुवात झाली व्हती काय?"

इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून मी तुझं खरं नाव पहिल्यांदा ऐकलं. शेवंताई नाही, आई नाही. शेवंती. माझ्या छातीत काहीतरी निखळलं आणि मी तिच्यासमोर, त्या पारवतीसमोर, मोठ्याने रडलो. स्मशानात रडलो नव्हतो तेवढा. ती पण रडली, लांब उभी राहून. मी तिला बस म्हटलं नाही.

माफ मी तिला केलेलं नाही. करणार पण नाही, तू वरून कितीही खुणा केल्यास तरी. सांगितलं, "पोरीला पाणी पाज, जेवायला घाल, बांधू नको, आणि बायांना अंगणात येऊ देऊ नको. मंगळवारी डॉक्टर असतो. पहिली यष्टी धरायची, नायतर रांग वाढते."

"मला तिथलं काय कळत नाय, तात्या."

"मला कळतं," म्हटलं. "मी येतो."

उद्या मंगळवार आहे शेवंते. पोरगी मधे बसेल, मी खिडकीला. त्या बाईशी वाटेत एक शब्द बोलणार नाही. गोळी कशी घ्यायची, मीठ कसं सांभाळायचं, ते मात्र डॉक्टरच्या समोर बसून तिला पाठ करून घेतल्याशिवाय उठू देणार नाही.